रामधनने मास्क का काढला

पंजाबराव मुनेश्वर याला गावात कोणी कधी गंभीर माणूस समजलं नाही, आणि यात गावाची काही चूक नव्हती. त्याने जन्मभर दुसरं काही समजूच दिलं नव्हतं. नाव पंजाबराव, पण त्यातला 'राव' लावायची कोणाला फुरसत नव्हती. लहानथोर सगळे पंजाबच म्हणत, आणि म्हणतानाच त्यांच्या ओठांच्या कडा हलायला लागत. लग्नात वरपक्ष रुसून बसला की पंजाबला पुढे करायचे. भीमजयंतीच्या नाटकात खाष्ट सासूचं काम दरसाल त्याच्याचकडे, लुगडं बायकोचं, कांताबाईचं. पुढे खरी सासू वारली तेव्हा हा मान खाली घालून बसला होता, तरी समोरच्या दोघांना हसू आवरेना आणि त्यांना उठून बाहेर जावं लागलं.

फुलसावंगीहून थोडं आत गेलं की नाल्याच्या अलीकडे गाव आणि पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा, असं ते ठिकाण. पंजाबचं घर बौद्धपुऱ्यात, शेत कुठेच नाही. बापाला नव्हतं, आज्याला नव्हतं. अशा माणसाला गावात कोणी आपणहून 'बस' म्हणत नाही. पंजाबला पोरवयातच कळलं होतं की आपण तोंड उघडलं आणि लोक हसले, की ओट्यावर सरकून जागा करून देतात. जुने सरपंच सदाशिवराव, त्यांच्या ओट्यावरसुद्धा. हे एकदा कळल्यावर त्याने तोंड मिटलंच नाही.

पोटासाठी तो फवारणी करायचा. पाच-सहा जणांची टोळी आणि पंजाब तिचा म्होरक्या. कपाशीचं नवीन बियाणं आलं तेव्हा गावाला सांगण्यात आलं होतं की आता अळी विसरा आणि फवारणीही विसरा. काही वर्षं लोक खरंच विसरले, आणि पंजाब विहिरी खोदायच्या कामावर गेला. मग गुलाबी अळी आली ती थेट बोंडात शिरून बसली, आणि फवारणीवाल्यांची पुन्हा बोलावणी सुरू झाली. शेतकऱ्याचे वाईट दिवस ते आपले बरे दिवस, हे पंजाबला कळत होतं. त्यावरही त्याचा एक विनोद होता, तो शेतकऱ्यांसमोर सांगायचा नसे.

मजुरी पंपावर. पाठीवरचा पंप जितक्या वेळा भरून रिकामा कराल तितकी मजुरी. म्हणून टोळी एका ओळीत, एका चालीने चालायची. एक मागे पडला की सगळ्यांचे पंप कमी. ही चाल पंजाब तोंडाने राखायचा. चालता चालता तो एक सवाल टाकायचा, आणि ज्याचं नाव घेतलं त्याने पाऊल न थांबवता जवाब द्यायचा.

"धम्मरत्न, सासऱ्यानं लग्नात काय देल्लं?"

"पोरगी देल्ली, अन् तिची जबान फुकट."

जवाब जमला की ओळ हसायची. नाही जमला की त्या दिवशीचा खर्रा त्या माणसावर. तंबाखू-सुपारी घोटलेल्या त्या पुडीसाठी माणसं जीव तोडून जवाब शोधायची. पलीकडच्या वावरात निंदणाऱ्या बायांना पंजाबची टोळी दिसायच्या आधी ऐकू यायची.

या खेळात सगळ्यात कच्चा रामधन. तांड्यावरचा, पंजाबच्याच वयाचा, बोलायला हळू. पण हसायला पहिला. पंजाबने नुसता घसा खाकरला तरी हा मांडीवर थाप मारायला तयार. कुठेही काही बोलून झालं की पंजाब आधी रामधनकडे पाहायचा आणि मग जगाकडे. पंचवीस वर्षांची दोस्ती होती. खर्रा बहुतेक वेळा रामधनच आणायचा आणि त्याचं त्याला काही वाटायचं नाही.

त्या साली पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, माणसाच्या डोक्याबरोबर वाढली. एरवी कमरेखाली पडणारं औषध तोंडासमोर उडायला लागलं. औषधच म्हणतात इकडे. विष म्हटलं तर कोण विकत घेईल आणि कोण पाठीवर वाहील. जिल्ह्यात इकडून तिकडून बातम्या यायला लागल्या, फवारणीची माणसं दवाखान्यात गेली, काहींचे डोळे गेले, काही परत आली नाहीत. आणि मग वरून हुकूम आला.

ग्रामपंचायतीच्या आवारात सभा भरली. कृषी सहायक साधना मॅडम कागद घेऊन आल्या होत्या. नोकरीत नवीन, आवाज बारीक, पण वाचलं त्यांनी नीट. काही जहाल औषधांची विक्री दोन महिने बंद. फवारणी करायची ती किट घालूनच, म्हणजे मास्क, चष्मा, हातमोजे, टोपी आणि अंगावर एप्रन. मजुराला किट द्यायची जबाबदारी शेतमालकाची. काही कमीजास्त झालं तर विचारणा मालकाला होणार.

सदाशिवराव उठले. गावातला मोठा कास्तकार, बोलणं मुद्द्याचं.

"मॅडम, औषध बंद केलं, पण अळी चालू हाय. तिले कोणी हा कागद वाचून दाखवला नाही. दुसरं औषध महाग, अन् गुण याले उशीर. तवरोक बोंडं सडली त सरकार भरून देईन काय? अन् मजुराची जोखीम माह्यावर टाकता, त मी मजूर सांगूच कायले? ट्रॅक्टरचा फवारा आणतो, घरच्या घरी करतो. मंग ह्या लोकाइनं काय खावं, तेबी त्या कागदात लिवलं असन."

कागदात ते लिहिलं नव्हतं. साधना मॅडम म्हणाल्या, "माणूस वाचला तर पुढचं सगळं." ते खरं होतं. सदाशिवरावांचंही खरं होतं. जमिनीवर बसलेल्या बिनजमिनीच्या माणसांमध्ये चुळबुळ झाली. ट्रॅक्टरचा फवारा गावात आला तर टोळी गेलीच. पुढे पंजाब स्वतःला पुष्कळदा सांगायचा की त्या दिवशी आपण उगाच उठलो नव्हतो, भिऊन उठलो होतो. ते खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. सभा शांत बसली होती आणि पंजाबला शांत सभा सहन व्हायची नाही.

"कोणीतरी पुढे या," मॅडम म्हणाल्या, "किट कशी घालायची ते दाखवते."

पंजाब गेला. तो उठतानाच आवार खुललं. त्याने टोपी चढवली, मास्क बांधला, चष्मा लावला, हातमोजे घातले आणि एप्रन नेसला. मग लाजत, मुरकत, एकेक पाऊल मोजून टाकत असा चालला की मागून कोणी ओरडलं, "नवरदेव आला रे." नवरदेवाने मान डोलावली. मग त्याला खर्ऱ्याची तलफ आली. पुडी काढली, चिमूट घेतली, तोंड सापडेना. डावीकडून शोधलं, उजवीकडून शोधलं, शेवटी कानात घालून पाहिलं. म्हातारी माणसं डोळे पुसायला लागली. रामधन सगळ्यात पुढे बसला होता, त्याला ठसका लागला. मग पंजाबने मास्क खाली ओढला आणि हात जोडले.

"मॅडम, सरकारचे लय उपकार हायेत. पण येवढी खोगीर घातल्यावर दहाच्या जागी सहा पंप होतीन. चार पंपाची भाकर ह्या एप्रनच्या खिशात देत जा म्हणा. माणूस औषधानं मरते हे सरकारले समजलं. उपाशी मरते हे समजाले कितीक साल लागतीन?"

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्या सदाशिवरावांच्या. साधना मॅडमही हसल्या बिचाऱ्या, आणि हसू ओसरल्यावर कागदाची घडी करत बसल्या. सभा तिथेच संपली. किटांची खोकी ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवली, ज्याला पाहिजे त्याने न्यावी असं ठरलं. सदाशिवरावांनी जाता जाता पंजाबच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या दिवशीपासून आपल्या सगळ्या वावराची फवारणी त्याच्या टोळीला सांगितली. पंजाब घरी आला तो हवेत चालत.

कांताबाई चुलीपुढे होती. सभेला तीही गेली होती आणि हसलीही होती. पण भाकर थापता थापता म्हणाली, "एकीकडं चार पंप अन् दुसरीकडं दोन डोळे. हे काय तोलाचं काम हाय?"

"डोळे जातीनच असं नाही," पंजाब म्हणाला. "पंप मात्र रोज जातीन."

तिने तव्यावरची भाकर उलटली. आपण विनोद केला नाही हे त्याला जाणवलं. दोघं जेवली.

सगळ्या गावातून किट नेली ती एकाच माणसाने, रामधनने. त्याच्या मेहुण्याला दुसऱ्या तालुक्यात फवारताना औषध लागलं होतं आणि त्याने ते पाहिलं होतं. किट त्याने पंजाबला न सांगता नेली. पिशवीत घालून, वरून टॉवेल टाकून.

सदाशिवरावांच्या वावरात पहिला दिवस. रामधन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, वळून उभा राहिला आणि सगळं अंगावर चढवून ओळीत आला. सगळे पंजाबच्या तोंडाकडे पाहायला लागले. आपल्या भरवशाच्या माणसाने आपल्या कालच्या बोलण्यावर पाणी फिरवलं, असं पंजाबला वाटलं असावं. मोठं काही नव्हतं, कुसळ टोचावं इतकंच. त्याने पंप चालू केला आणि पहिलाच सवाल रामधनला टाकला.

"रामधन्या, वरात कुठं चालली?"

मास्काच्या आतून काहीतरी आलं, ते कळलं नाही.

"आवाज येत नाही बावा. अंदर हायेस का गेला?"

ओळ हसली. रामधन पुन्हा काही बोलला, पुन्हा कळलं नाही. पंजाबने दुसऱ्याला सवाल टाकला, तिसऱ्याला टाकला आणि फिरून रामधनवर आला. असा तो तीन वेळा आला. तिसऱ्या वेळी म्हणाला, "जवाब नाही त हारला. आज खर्रा तुह्यावर, उद्याबी तुह्यावर, अन् मास्क हाय तवरोक रोज तुह्यावर."

रामधनने मास्क गळ्यावर ओढला. "वरात तुह्याच घरी चालली," तो म्हणाला, "कांतावहिनीले सांग, चांगला नवरा भेटला."

इतका चांगला जवाब रामधनने पंचवीस वर्षांत दिला नव्हता. सगळी ओळ थांबून हसली. पंजाब तर पंपासकट खाली बसला. रामधनचा चेहरा आनंदाने फुलला होता. मास्क त्याने परत वर घेतला नाही. पुढचा जवाब द्यायचा होता ना. चष्म्यावर वाफ धरत होती, तो त्याने कपाळावर सरकवला. वारा उलटा फिरला होता. पराटीच्या शेंड्यांवरून औषधाचं धुकं ओळीच्या तोंडावर येत होतं आणि रामधन त्या धुक्यातून जवाब देत चालला होता, एकाहून एक.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो थांबला.

"पंजाब," तो म्हणाला, "उजेड कमी झाला काय रे?"

पंजाबला तो सवाल वाटला. त्याने मागे न पाहताच जवाब दिला, "सरकारनं बंद केला असन, दोन महिने."

ओळ हसली. हसणं संपलं तेव्हा रामधन पराटीत गुडघ्यांवर होता. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने निथळत होतं, आणि तो "याडी, याडी" म्हणत होता. याडी म्हणजे आई.

सदाशिवरावांच्या गाडीतून त्याला आधी जवळच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून यवतमाळला. रामधन वाचला. उजवा डोळा गेला. डावीकडे समोर माणूस आहे की झाड, एवढं कळायचं.

तो वॉर्डात असतानाच चौकशीची माणसं आली. खाटेच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला सदाशिवराव, आणि पायथ्याशी पंजाब. किट होती का, हा पहिला सवाल. होती, सदाशिवराव म्हणाले, सगळ्यांनी पाहिली. मग एकाने पंजाबला विचारलं, "घातली होती, तर काढली कशाला?"

पंजाबला जवाब शोधावा लागला नाही असा दिवस नव्हता, आणि जवाब सापडला नाही असाही दिवस नव्हता. तो म्हणाला, "गरमी होत होती. म्हून काढली असन त्यानंच."

सदाशिवरावांनी श्वास सोडला. त्या माणसांनी लिहून घेतलं. रामधनच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. त्याने मान थोडी वळवली. झोपेत असेल, पंजाबने मनाशी म्हटलं. वॉर्डात गलका होता, ऐकूही गेलं नसेल. तो जिना उतरला. आपण काय केलं हे त्याला पुरतं कळलं होतं. कळलं नाही असं म्हणायला त्याने जागाच ठेवली नव्हती.

गावाने या प्रकारातून धडा घेतला तो असा, की किट असून रामधन पडला, मग किटचा उपयोग काय. ती गरमीने काढावीच लागते, म्हणजे नियमच खोटा. पारावर, कृषी केंद्रात, बाजाराच्या गाडीत सगळीकडे हेच. नियमाचा तोटा किती आणि फायदा किती याचा गाव आपल्या परीने हिशेब करत होतं, आणि पंजाबने पारड्यावर बोट दाबून धरलं होतं. ते कोणाला दिसत नव्हतं. खोकी ग्रामपंचायतीच्या खोलीत उंदरांनी कुरतडली.

पंजाब हसवायचा बंद झाला. लोकांना वाटलं दोस्ताचं दुःख आहे, होईल बरा. काहींना ही नवीन नक्कल वाटली, ते त्याच्या गंभीर चेहऱ्याकडे पाहून आधीच हसून घ्यायचे. तांड्यावर तो जायचा, रामधनच्या घरी भाजी-दाळ द्यायचा, दारातूनच परत फिरायचा. रामधन हाक मारायचा, "बस ना लेका." पंजाबला काहीतरी काम आठवायचं.

दुसऱ्या हंगामात रामधनचा पोरगा रूपसिंग बापाच्या जागी टोळीत आला. लग्न झालेला, तगडा, आणि पंजाबचा मोठा चाहता. या पंजाबकाकाच्या मांडीवर वाढलेला. पहिल्या दिवशी पंजाब स्वतः खोक्यांतली धड उरलेली किट घालून आला आणि रूपसिंगसाठीही घेऊन आला. टोळी पोट धरून हसली. पंजाबने चष्मा नीट केला, तरी हसली. "काढू नका काका, काढू नका," रूपसिंग म्हणत होता, "मले माह्या बाले सांगू द्या, काकाचं डोकं ठिकाण्यावर आलं." त्याने स्वतःचा मास्क मात्र खिशात घातला.

"बाबू, लाव ते," पंजाब म्हणाला.

"काका, पंप कमी होते ना. बा घरी बसला हाय, दोघाइचे पंप मलेच भरा लागते." मग त्याने हसून पुढे म्हटलं, "अन् तुमीच त सांगतलं होतं, गरमीनं काढाच लागते. बानं काढलाच ना."

पंजाबने त्या दिवशी कसेबसे पंप मारले. वारा कुठून येतो तेवढंच पाहत राहिला. रूपसिंग दोनदा डोळे चोळताना दिसला. दुपारी पंप धुऱ्यावर ठेवला आणि तो तडक तांड्यावर गेला. या वेळी दारातून फिरला नाही.

रामधन अंगणात बसून दोर वळत होता. त्या कामाला डोळे लागत नाहीत.

"रामधन, त्या दिवशी तू मास्क काढला..."

रामधनचे हात थांबले.

"तो गरमीनं नव्हता काढला. मी तुले जवाब द्याले लावला म्हून काढला. अन् दवाखान्यात मी खोटं सांगतलं."

"मले माहीत हाय," रामधन म्हणाला. "मी जागाच होतो."

पंजाब तिथेच मातीत बसला. वर्षभर हा माणूस आपल्याला 'बस' म्हणत होता, आणि वर्षभर त्याला माहीत होतं.

"मंग बोलला काहून नाही?"

"तुह्या तोंडून ऐकाचं होतं. रोज वाट पाहे. तू दारातून जाये." त्याने दोर पुन्हा वळायला घेतला. "मले त्या दिवशी लय मजा आली होती, पंजाब. तेबी खोटं नाही. जवाब देता आला म्हून मीच येडा झालतो. पण गरमीनं नाही काढला मी. गावभर लोक म्हणते रामधनले गरमी सहन झाली नाही, म्हून डोळे गेले. माही बायको म्हणते. माहा पोरगा म्हणते."

"रूपसिंग मास्क लावून नाही राह्यला."

"काहून लावन? बापानं नाही लावला." रामधनने दोराला पीळ दिला. "त्याले सांग. मले सांगतलं तसंच. सगळ्याइच्या पुढं सांग, अन् हसवू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी रामधन पोराच्या खांद्यावर हात ठेवून वावरात आला. फवारणी ऐकावीशी वाटली, एवढंच म्हणाला. टोळी धुऱ्यावर पंप भरत होती. सदाशिवरावही होते. पंजाब किट घालून पुढे उभा राहिला, बाकीच्या किटांची पिशवी पायाशी ठेवली, मास्क खाली केला आणि म्हणाला, "थांबा. मले एक सांगाचं हाय. रामधनचे डोळे माह्यानं गेले."

टोळी हसली. हसणारच. किट घातलेला पंजाब, तोंड वाकडं, आणि असं वाक्य. पुढे काय येतं म्हणून माणसं सरसावून बसली. रूपसिंग सगळ्यांत पुढे, बापासारखाच, हात मांडीवर टेकून.

पंजाब सांगत राहिला. वरातीचा सवाल सांगितला, तेव्हा हसले. खर्रा रोज तुझ्यावर असं म्हणालो होतो ते सांगितलं, तेव्हाही कोणी कोणी हसलं. मग एकेकाचं लक्ष रामधनकडे जायला लागलं. पंजाब बोलत होता आणि रामधन हसत नव्हता. आजवर असं कधी घडलं नव्हतं. हसणं एका बाजूने थांबत गेलं. उजेडाचं सांगायची वेळ आली तेव्हा धुऱ्यावर नुसता वाऱ्याचा आवाज होता. पंजाबने तेही सांगितलं, त्याने काय विचारलं आणि आपण काय जवाब दिला ते. मग यवतमाळच्या वॉर्डातलं सांगितलं. सांगताना त्याला वाटलं, कोणी तरी हसावं. कोणीही हसावं, मागून एकाने जरी खाकरलं तरी चालेल. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं बोलणं संपलं आणि कोणी हसत नव्हतं.

सदाशिवराव खाली पाहत होते. धम्मरत्नने खर्ऱ्याची पुडी हळूच खिशात टाकली. रूपसिंग उठला. तो काकाजवळ आला, तेव्हा आता हा मारणार असं पंजाबला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. रूपसिंगने त्याच्या पायाशी पडलेल्या पिशवीतून किट घेतली, बाजूला गेला आणि घालायला लागला. त्याच्यामागे दुसरा गेला.

आता टोळीतले सगळे किट घालतात. पंप कमी होतात, ते कमी होतातच, त्याला इलाज नाही. सदाशिवरावांनी एक वावर दुसऱ्या टोळीला दिलं, बाकीचं ठेवलं. ओळ मुकाट्याने चालते. रामधनकडे पंजाब जाऊन बसतो, दोघं दोर वळतात, आणि रामधन आता त्याला बस म्हणत नाही, कारण तो बसलेलाच असतो.

रूपसिंग मात्र नाल्यापलीकडूनच मास्क बांधून येतो आणि नाला ओलांडून घरी गेल्यावर सोडतो. पंजाबशी बोलायचं काम पडलं तर तो मास्क न काढताच बोलतो. शब्द नीट कळत नाहीत. पंजाब पुन्हा विचारत नाही.